सदिश आरेखनातील आच्छादित आकार व रंगव्युत्क्रम : देवनागरी फलकलेखनाच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

संगणकावरील सदिश आरेखनात दोन आकार एकमेकांवर आले असता सामाईक भागाचा रंग उलटा करणे हे जाहिरात, बोधचिन्ह आणि फलकलेखन यांत वारंवार वापरले जाणारे तंत्र आहे. ते सामान्यतः एक 'इफेक्ट' म्हणून शिकविले जाते. वस्तुतः त्यामागे आकाराचा 'आत' आणि 'बाहेर' ठरविण्याचा एक गणिती नियम आहे. हाच नियम देवनागरीतील 'प' अक्षराची पोकळी निर्माण करतो आणि हाच नियम जोडाच्या ठिकाणी शिरोरेषेला छिद्रेही पाडतो. प्रस्तुत लेखात या नियमाचे स्वरूप, रंगव्युत्क्रमाचे तीन प्रकार, त्यांच्या मुद्रणातील मर्यादा आणि देवनागरी फलक तयार करताना पाळावयाचा क्रम यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : सदिश आरेखन, आच्छादन, सम-विषम नियम, वेढा-संख्या, शिरोरेषा, फलकलेखन, रंगव्युत्क्रम.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना यांच्या नामफलकांसंबंधीच्या अधिनियमात २०२२ मध्ये सुधारणा झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असू नये, असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. याच वर्षी, म्हणजे २४ फेब्रुवारी २०२३ रोजी, औरंगाबाद शहराच्या 'छत्रपती संभाजीनगर' या नामांतरास केंद्र शासनाची मान्यता मिळाली. या दोन्ही घटनांचा परिणाम म्हणून शहरातील पाट्या, पत्रशीर्षे, पावतीपुस्तके, शिक्के आणि वाहनांवरील मजकूर मोठ्या प्रमाणावर नव्याने लिहिण्याचा प्रसंग आला.

हे काम आज प्रामुख्याने संगणकावर होते. गुलमंडी, औरंगपुरा किंवा पैठण गेट परिसरातून फिरताना दिसणारे फलक हे बहुतांशी कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप यांसारख्या आज्ञावलीत तयार झालेले असतात. अशा फलकांकडे थोडे निरखून पाहिले तर काही ठिकाणी एक विशिष्ट दोष आढळतो. शिरोरेषा सलग नसते. प्रत्येक दोन अक्षरांच्या सांध्यावर तिच्यात बारीक उभी फट किंवा पांढरा चौकोन दिसतो. वाचकाला तो छपाईचा दोष वाटतो. परंतु तो छपाईचा नसून रेखाटनाचा दोष असतो. ज्या क्रियेने एखादा कलावंत हौसेने दोन आकारांच्या छेदात रंग उलटा करून घेतो, तीच क्रिया येथे नकळत घडलेली असते.

म्हणून रंगव्युत्क्रमाचा विचार केवळ सजावटीचा विषय म्हणून न करता लिपीच्या शुद्धतेशी निगडित विषय म्हणून करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

२. सदिश आकार म्हणजे काय ?

संगणकावरील चित्र दोन प्रकारे साठविता येते. छायाचित्रात असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचा रंग नोंदविलेला असतो. सदिश चित्रात ठिपके नसतात. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा यांचे गणित असते. त्यामुळे सदिश चित्र कितीही मोठे केले तरी त्याच्या कडा फाटत नाहीत. पाच सेंटिमीटरच्या पत्रशीर्षासाठी केलेले बोधचिन्ह वीस फुटी फलकावर तसेच वापरता येते, ते यामुळेच.

सदिश आकाराची बंद रेषा ही नुसती कड असते. त्या कडेच्या कोणत्या बाजूस रंग भरावयाचा, हे आज्ञावलीला ठरवावे लागते. साध्या वर्तुळाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. स्वतःला न छेदणारी बंद रेषा प्रतलाचे आत आणि बाहेर असे दोनच भाग करते, हे फ्रेंच गणिती कामिय जॉर्दां यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमेय आहे. परंतु रेषा स्वतःला छेदत असेल किंवा एकाच आकारात अनेक बंद रेषा समाविष्ट असतील, तर 'आत' कशाला म्हणावे हे संकेताने ठरवावे लागते. असे दोन संकेत रूढ आहेत. पृष्ठवर्णनाच्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेत १९८० च्या दशकापासून या दोहोंसाठी 'फिल' आणि 'ईओफिल' अशा दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या सदिश-चित्रस्वरूपातही दोन्ही पर्याय ठेवलेले आहेत.

३. आत-बाहेर ठरविणारे दोन नियम

३.१ सम-विषम नियम

ज्या बिंदूविषयी निर्णय करावयाचा, त्या बिंदूपासून कोणत्याही दिशेला एक सरळ किरण काढावा आणि तो आकाराच्या कडांना किती वेळा छेदतो ते मोजावे. संख्या विषम आली तर बिंदू आत, म्हणून तेथे रंग भरला जाईल. सम आली तर बिंदू बाहेर, म्हणून ती जागा रिकामी राहील.

दोन वर्तुळे एकमेकांवर अर्धवट ठेवून एकत्र केली, तर ज्या भागावर एकच वर्तुळ आहे तेथील संख्या १ येते आणि तो भाग रंगतो. दोहोंच्या सामाईक भागात संख्या २ येते आणि तो भाग रिकामा होतो. पांढऱ्या कागदावर काळ्या वर्तुळांचे असे आच्छादन केले असता सामाईक भाग पांढरा दिसतो, आणि त्यालाच आपण 'रंग उलटला' असे म्हणतो. तीन वर्तुळे घेतल्यास तिन्हींच्या सामाईक भागात संख्या ३, म्हणजे विषम येते आणि तो भाग पुन्हा काळा होतो. प्रत्येक नव्या थरागणिक रंग उलटत जातो.

या नियमाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे बुद्धिबळाचा पट. आठ घरे लांबीच्या चार आडव्या पट्ट्या एकाआड एक मांडाव्यात. त्यांच्यावर तेवढ्याच लांबीच्या चार उभ्या पट्ट्या एकाआड एक ठेवाव्यात आणि आठही पट्ट्या एकत्र कराव्यात. ज्या १६ घरांवर दोन्ही पट्ट्या आल्या ती रिकामी होतात, ज्या १६ घरांवर एकही आली नाही ती मुळातच रिकामी असतात आणि उरलेली ३२ घरे काळी राहतात. चौसष्ट चौकोन स्वतंत्रपणे न रेखाटता केवळ आठ पट्ट्यांतून संपूर्ण पट तयार होतो. तर्कशास्त्रात 'दोहोंपैकी एक असेल, परंतु दोन्ही नसतील' अशी जी क्रिया आहे, तिचेच हे दृश्य रूप होय. संचांच्या गणितात हिला सममित फरक असे म्हणतात.

३.२ वेढा-संख्येचा नियम

दुसऱ्या नियमात कडांची केवळ मोजदाद होत नाही. त्यांची दिशाही विचारात घेतली जाते. प्रत्येक बंद रेषा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने किंवा तिच्या उलट दिशेने रेखाटलेली असते. किरणाला एका बाजूने जाणारी कड भेटली की १ मिळवावा, विरुद्ध बाजूने जाणारी भेटली की १ वजा करावा. अंतिम बेरीज शून्य आली तर बिंदू बाहेर. शून्याखेरीज काहीही आले तर आत.

हात न उचलता काढलेली पंचकोनी चांदणी घेतली, तर दोन्ही नियमांतील भेद स्पष्ट होतो. तिच्या पाच टोकांत दोन्ही नियमांनी रंग भरला जातो. मधल्या पंचकोनाभोवती मात्र रेषेचे एकाच दिशेने दोन वेढे पडलेले असतात. सम-विषम नियमाने २ ही सम संख्या असल्यामुळे मधला भाग पोकळ राहतो. वेढा-संख्येच्या नियमाने बेरीज शून्य नसल्यामुळे तो भरला जातो. चांदणी एकच, नियम बदलला की चित्र बदलते.

संगणकीय टंकांच्या रेखाटनात हाच दुसरा नियम अभिप्रेत असतो. अक्षराची बाह्य कड एका दिशेने आणि आतील पोकळीची कड विरुद्ध दिशेने आखलेली असते. पोकळीत बेरीज शून्य येते आणि ती रिकामी राहते. दोन भाग एकमेकांवर चढले, तरी दोहोंच्या बाह्य कडा एकाच दिशेच्या असल्याने बेरीज २ होते आणि तेथे छिद्र पडत नाही. टंकरचनाकार भाग निर्धास्तपणे एकमेकांवर चढवू शकतात, त्याचे कारण हे आहे.

४. रंगव्युत्क्रमाचे तीन प्रकार

'सामाईक भागात रंग उलटा करावा' असे आपण एका वाक्यात म्हणतो. परंतु आज्ञावलीत त्यासाठी तीन भिन्न मार्ग आहेत. त्यांचे फळ पडद्यावर सारखे दिसले, तरी त्यांचे स्वरूप वेगळे आहे.

४.१ छिद्र पाडणे. कोरलड्रॉमधील 'कंबाइन', इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधील 'एक्सक्लूड' आणि इंकस्केपमधील 'एक्सक्लूजन' या क्रियांचे फळ सम-विषम नियमासारखे असते. येथे खऱ्या अर्थाने रंग उलटत नाही. सामाईक भाग कापला जाऊन मागची पार्श्वभूमी दिसू लागते. पार्श्वभूमी पांढरी असेल तर भाग पांढरा दिसतो, पिवळी असेल तर पिवळा. शिवाय एकत्र केलेला आकार ही एकच वस्तू होत असल्यामुळे मूळ दोन आकारांचे दोन रंग टिकत नाहीत; सर्वांना एकच रंग मिळतो. एकरंगी छपाई, रबरी शिक्का, पडदा-छपाई आणि रेडियम कटिंग या कामांना हा मार्ग सर्वांत योग्य होय.

४.२ छेदभाग स्वतंत्र करणे. 'इंटरसेक्ट' या क्रियेने दोन आकारांच्या सामाईक भागाचा तिसरा आकार तयार होतो आणि त्यास हवा तो रंग देता येतो. निळे वर्तुळ आणि पिवळा चौकोन यांच्या छेदात लाल रंग हवा असेल, तर हाच मार्ग स्वीकारावा लागतो. यात रंगावर पूर्ण नियंत्रण राहते. परंतु आकार वाढले की श्रमही वाढतात. दोन आकारांचे तीन भाग होतात, तीन वर्तुळांचे सात. मूळ आकार थोडा जरी हलविला तरी छेदभाग पुन्हा तयार करावा लागतो.

४.३ रंगांचे मिश्रण. तिसऱ्या मार्गात आकार कापला जात नाही. वरच्या आणि खालच्या रंगांच्या मूल्यांची वजाबाकी केली जाते. 'डिफरन्स' या मिश्रणप्रकारात प्रत्येक रंगघटकाचा फरक घेतला जातो. वरचा आकार शुद्ध पांढरा ठेवला, तर खालचा प्रत्येक रंग त्याच्या पूरक रंगात बदलतो. लाल, हिरवा व निळा यांची मूल्ये २००, ३० आणि ४० असलेल्या तांबड्या रंगावर पांढरा आकार ठेवल्यास ५५, २२५ आणि २१५, म्हणजे निळसर हिरवा रंग मिळतो. कोरलड्रॉमधील 'लेन्स' या सुविधेतही 'इन्व्हर्ट' हा पर्याय आहे. तेथे भिंगासारखा ठेवलेला आकार आपल्याखालील सर्व चित्राचे रंग उलटे दाखवितो. इंकस्केपमध्ये २०२० साली आलेल्या पहिल्या पूर्ण आवृत्तीपासून आकारांना मिश्रणप्रकार देणे बरेच सुलभ झाले आहे.

या मार्गाची सोय अशी की आकार हलविला तरी व्युत्क्रम आपोआप त्याच्याबरोबर सरकतो. परंतु त्यास एक अंगभूत मर्यादा आहे. मध्यम करड्या रंगाचे मूल्य १२८ असेल, तर त्याचा व्युत्क्रम १२७ होतो. डोळ्यांना हा बदल कळत नाही. म्हणजे करड्या पार्श्वभूमीवर व्युत्क्रमाने लिहिलेले अक्षर जवळजवळ अदृश्य होते. फिकट आणि गडद यांच्या टोकाला असलेल्या रंगांतच हे तंत्र परिणामकारक ठरते.

५. देवनागरी अक्षरे आणि शिरोरेषेचा प्रश्न

५.१ खिळ्यांपासून संगणकापर्यंत

रोमन लिपीत अक्षरे सुटी असतात. देवनागरीत ती शिरोरेषेने बांधलेली असतात. त्यामुळे आच्छादनाचा प्रश्न रोमन लिपीत क्वचित आणि देवनागरीत प्रत्येक शब्दात उद्भवतो.

जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागर मुद्रणालयासारख्या छापखान्यांच्या काळात अक्षर धातूच्या खिळ्यावर असे. प्रत्येक खिळा आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येई आणि खिळे शेजारी शेजारी बसविले की रेषा सलग दिसे. धातूचे दोन तुकडे एकाच जागी राहू शकत नाहीत. त्यामुळे त्या तंत्रात आच्छादनाला फारसा वाव नव्हता. तेथील अडचण उलट होती. खिळे झिजले किंवा नीट आवळले नाहीत, तर शिरोरेषेत फट पडे.

संगणकावर ही फट टाळण्यासाठी टंकरचनाकारांनी सोपा उपाय योजला. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या ठरलेल्या रुंदीपेक्षा किंचित बाहेर काढली, म्हणजे ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते आणि सांधा दिसत नाही. काना, वेलांटी हे सुद्धा स्वतंत्र भाग असून त्यांनाही स्वतःची शिरोरेषा असते. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या टंकांत मर्यादित संकेतस्थानांत सर्व अक्षरे बसवावयाची असल्यामुळे अनेक अक्षरे अर्धे व्यंजन आणि दंड अशा तुकड्यांतून जोडली जात. तेथे सांधे अधिकच असत. खिळ्यांच्या काळातील फट बुजविण्यासाठी आलेले हे आच्छादन पुढे नव्या प्रकारच्या फटीचे कारण ठरले.

५.२ एक उदाहरण : 'छत्रपती संभाजीनगर'

हे नाव घेऊन सांधे मोजून पाहता येतील. 'छत्रपती' या शब्दात चार अक्षरे असून त्यांच्यात तीन सांधे आहेत. 'ती' मधील त आणि दुसरी वेलांटी यांचा एक सांधा धरला की चार होतात. 'संभाजीनगर' मध्ये सहा अक्षरे व पाच सांधे आहेत; 'भा' मधील काना आणि 'जी' मधील वेलांटी यांचे दोन मिळून सात. काना व वेलांटी स्वतंत्र भाग असलेल्या टंकात एकूण अकरा ठिकाणी शिरोरेषेचे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. दंडान्त अक्षरेही जोडून तयार होणाऱ्या टंकात त्र, प, त, स, भ, ज, न आणि ग यांचे आणखी आठ सांधे वाढू शकतात.

मजकूर टंकाच्या स्वरूपात असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण टंक वेढा-संख्येच्या नियमाने रंगविला जातो. फलक दुसऱ्या संगणकावर पाठविताना टंक उपलब्ध नसण्याची शक्यता असते, म्हणून मजकुराचे रूपांतर वक्ररेषांत केले जाते. या वक्ररेषा एकाच वस्तूत 'कंबाइन' झाल्या आणि त्या वस्तूला सम-विषम नियम लागू असला, तर अकराही सांध्यांवर संख्या २ होते. शिरोरेषेत अकरा छिद्रे पडतात. शहराचे नाव 'छ त्र प ती' असे तुटक दिसू लागते.

यावर नवशिका चालक साहजिकच 'ब्रेक अपार्ट' ही आज्ञा देतो. छिद्रे नाहीशी होतात. परंतु दुसरा दोष उत्पन्न होतो. 'प' ची पोकळी, 'स' ची शिरोरेषेखालची पोकळी, 'छ' मधील वाटोळी जागा या सर्व आता स्वतंत्र, रंग भरलेल्या वस्तू होतात आणि अक्षर काळ्या ठोकळ्यासारखे दिसते. कारण उघड आहे. पोकळी ही देखील त्याच नियमाची निर्मिती होती. नियम काढून घेतला की नको असलेली छिद्रे जातात आणि हवी असलेली पोकळीही जाते. पोकळी व छिद्र यांत यंत्राच्या दृष्टीने कोणताही भेद नाही. भेद आहे तो वाचणाऱ्याच्या दृष्टीने.

योग्य उपाय 'वेल्ड' किंवा 'युनियन' हा आहे. प्रत्येक अक्षर आपल्या पोकळीसह एक वस्तू म्हणून अखंड ठेवावे आणि मग सर्व अक्षरांचा संयोग करावा. संयोगात अक्षरांमधील आच्छादन विलीन होते, सांध्यावरील आतल्या कडा नाहीशा होतात आणि अक्षरांतर्गत पोकळी कायम राहते. इंकस्केपमध्ये मजकुराचे मार्गात रूपांतर केल्यावर अक्षरांचा गट मिळतो. तो सुटा करून 'युनियन' ही आज्ञा दिल्यास हे साध्य होते.

५.३ पडद्यावर निर्दोष, पात्याखाली सदोष

काही आज्ञावलींत रंग भरण्याचा नियम बदलण्याची सोय असते. सम-विषमऐवजी वेढा-संख्येचा नियम निवडला की पडद्यावरील छिद्रे तत्काळ बुजतात. फ्लेक्सच्या छपाईसाठी हा उपाय पुरेसा ठरू शकतो. रेडियम किंवा व्हिनाइल कापणाऱ्या यंत्रासाठी मात्र तो निरुपयोगी आहे.

याचे कारण यंत्राच्या कार्यपद्धतीत आहे. छपाईयंत्र रंग पाहते; कापणारे यंत्र केवळ कडा पाहते. त्याचे पाते प्रत्येक बंद रेषेवरून फिरते, मग त्या रेषेच्या आत रंग असो वा नसो. दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर चढलेल्या असतील, तर पाते पहिल्या शिरोरेषेची शेवटची कड आणि दुसरीची पहिली कड अशा दोन्ही उभ्या रेषा कापते. मधला बारीक तुकडा सुटा होतो आणि नको असलेला भाग सोलून काढताना तोही निघून येतो किंवा काही दिवसांनी काचेवरून गळून पडतो. पडद्यावर सलग दिसणारी शिरोरेषा प्रत्यक्षात तुकड्यांची असते. कापलेला ताव पुन्हा वापरता येत नसल्यामुळे लहान व्यावसायिकाचे नुकसान होते ते येथेच.

म्हणून कटिंगपूर्वी एक साधी तपासणी आवश्यक आहे. कोरलड्रॉमधील 'वायरफ्रेम' किंवा इंकस्केपमधील 'आउटलाइन' या दृश्यात चित्र पाहावे. रंग नाहीसे होऊन केवळ कडा दिसतात. शिरोरेषेत एकही उभी रेष दिसता कामा नये. ती दिसली तर संयोग अपूर्ण आहे, असे समजावे.

काचेला आतून चिकटवावयाच्या मजकुराचाही विचार येथे केला पाहिजे. असा मजकूर आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटा कापावा लागतो. उलटविताना सर्व कडांची दिशा बदलते. संपूर्ण शब्द एकदम उलटविला, तर बेरीज २ ऐवजी उणे २ होते आणि वेढा-संख्येच्या नियमात काही फरक पडत नाही. परंतु एखादेच चिन्ह उलटवून मूळ मजकुरावर चढविले आणि दोहोंना एकत्र केले, तर विरुद्ध दिशांची बेरीज शून्य होऊन तेथे छिद्र पडते. दिशेचा असा परिणाम ठाऊक नसल्यास हा दोष अनाकलनीय वाटतो.

६. हेतुपूर्वक व्युत्क्रम : क्रमाचे महत्त्व

आतापर्यंत टाळावयाच्या व्युत्क्रमाचा विचार झाला. आता हवा असलेला व्युत्क्रम पाहू. समजा, एका काळ्या वर्तुळाच्या कडेवर 'संगम' हा शब्द असा लिहावयाचा आहे की वर्तुळाबाहेरील अक्षरे काळी आणि वर्तुळातील अक्षरे पांढरी दिसावीत. एकरंगी छपाईत कमी खर्चात लक्षवेधी परिणाम साधणारी ही रचना आहे.

अक्षरे आणि वर्तुळ सरळ 'कंबाइन' केल्यास शब्दाच्या सांध्यांवर संख्या २ आणि वर्तुळाच्या आत तेथेच संख्या ३ होते. परिणामी वर्तुळाबाहेर काळ्या शिरोरेषेत पांढरी छिद्रे आणि वर्तुळाच्या आत पांढऱ्या शिरोरेषेत काळे ठिपके दिसतात. हाच शब्द प्रथम 'वेल्ड' करून नंतर वर्तुळाबरोबर 'कंबाइन' केला, तर वर्तुळाच्या आतील शिरोरेषेत सर्वत्र संख्या २ येते आणि ती सलग पांढरी दिसते. 'स' च्या पोकळीत शब्दाच्या दोन कडा आणि वर्तुळाची एक कड अशी विषम संख्या येऊन पोकळी वर्तुळाच्या काळ्या रंगाचीच राहते. ती तशीच हवी असते.

थोडक्यात, संयोग आणि सममित फरक या दोन क्रियांचा क्रम बदलता येत नाही. आधी जोड, मग व्युत्क्रम, हा देवनागरीसाठी पाळावयाचा नियम होय.

७. मुद्रणातील मर्यादा

मिश्रणाने केलेला व्युत्क्रम पडद्यावर आकर्षक दिसतो. परंतु पडदा प्रकाशाने रंग दाखवितो आणि छपाई शाईने. छपाईत निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. पारदर्शकतेची आणि मिश्रणाची व्यवस्था पीडीएफ स्वरूपात २००१ मध्ये आली. तिच्या नियमानुसार शाईच्या रंगांत मिश्रण करताना चारही घटकांची मूल्ये उलटवून गणित केले जाते. किरमिजी व पिवळी प्रत्येकी १०० टक्के असलेल्या लाल रंगावर पांढऱ्याने व्युत्क्रम केला, तर निळी १०० आणि काळीही १०० टक्के येते. अपेक्षित निळसर रंगाऐवजी छापून काळा रंग मिळतो. कोऱ्या कागदाचा व्युत्क्रम केल्यास चारही शाया १०० टक्के, म्हणजे एकूण ४०० टक्के शाई येते. तावावरील ऑफसेट छपाईत ही मर्यादा साधारणतः ३०० टक्क्यांच्या आसपास आणि वृत्तपत्राच्या कागदावर त्याहून बरीच कमी ठेवली जाते. मर्यादेपलीकडे शाई वाळत नाही आणि मागच्या तावावर डाग पडतात.

छेदभाग स्वतंत्र करून रंगविण्याच्या पद्धतीतही एक अडचण आहे. शेजारच्या दोन रंगांची कड तंतोतंत एक असते. छपाईत शाया किंचित सरकल्या की मध्ये पांढरी रेष दिसते. म्हणून तेथे फिकट रंगाचा भाग गडद रंगाखाली थोडा वाढवावा लागतो.

'लेन्स' वापरली असल्यास ती तशीच छपाईला देणे धोक्याचे असते. कारण खालचे चित्र हलले की वरचा परिणाम बदलतो. 'फ्रोझन' हा पर्याय निवडून परिणाम स्थिर करावा आणि अंतिम रंगमूल्ये तपासून घ्यावीत.

८. अध्यापनविषयक विचार

डीटीपीचे शिक्षण आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, खासगी वर्ग आणि महाविद्यालयांतील कौशल्याधारित अभ्यासक्रम यांतून दिले जाते. त्यात बहुधा आज्ञांची यादी आणि कळफलकावरील संक्षेप शिकविले जातात. विद्यार्थ्याला कोणती कळ दाबावयाची हे कळते. ती दाबल्यावर काय मोजले जाते हे कळत नाही. आज्ञावलीची आवृत्ती बदलली की कळा बदलतात आणि ज्ञान जुने होते. मोजण्याचा नियम मात्र बदलत नाही.

हा विषय शिकविण्यासाठी संगणकाचीही प्रारंभी गरज नाही. पारदर्शक कागदावर काढलेल्या दोन त्रिकोणांचा षट्कोन, आठ पट्ट्यांचा बुद्धिबळपट आणि पंचकोनी चांदणी या तीन आकृत्यांत पेन्सिलीने किरण काढून संख्या मोजावयास लावल्यास दोन्ही नियम एका तासिकेत समजतात. त्यानंतर विद्यार्थ्याने स्वतःचे नाव देवनागरीत लिहून त्यातील सांधे मोजावेत आणि मग संगणकावर 'कंबाइन' व 'वेल्ड' यांचे परिणाम पडताळावेत. गणित, कला आणि भाषा या तीन विषयांचे शिक्षक एकत्र येऊन घेऊ शकतील असा हा उपक्रम आहे.

९. निष्कर्ष

१. आच्छादित भागातील रंगव्युत्क्रम हा आत-बाहेर ठरविण्याच्या नियमाचा परिणाम असू शकतो किंवा रंगमूल्यांच्या वजाबाकीचा. काम सुरू करण्यापूर्वी यांपैकी काय अभिप्रेत आहे ते ठरविले पाहिजे.

२. एकरंगी छपाई, शिक्का व कटिंग यांसाठी छिद्राची पद्धत, बहुरंगी छपाईसाठी छेदभाग स्वतंत्र करण्याची पद्धत आणि केवळ पडद्यावरील वापरासाठी मिश्रणाची पद्धत अधिक योग्य ठरते.

३. देवनागरीत शिरोरेषेमुळे प्रत्येक शब्दात आच्छादन असतेच. म्हणून अक्षरांचा संयोग प्रथम आणि व्युत्क्रम नंतर, हा क्रम अनिवार्य आहे.

४. रंग भरण्याचा नियम बदलल्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही. कापणाऱ्या यंत्राकडे काम पाठविण्यापूर्वी केवळ कडा दाखविणाऱ्या दृश्यात शिरोरेषा तपासावी.

नामफलक मराठीत असावा, असा कायदा करता येतो. त्यावरील शिरोरेषा अखंड असावी, असा कायदा करता येत नाही. ते काम फलक तयार करणाऱ्याच्या जाणकारीवर सोपविलेले असते. रोमन लिपीला समोर ठेवून घडलेल्या आज्ञावलींत देवनागरी लिहिताना यंत्राचा नियम आणि लिपीचा स्वभाव या दोहोंची ओळख असणे गरजेचे आहे. ती ओळख अभ्यासक्रमातून करून दिली गेली, तर शहराचे आणि दुकानांचे नाव ज्या अक्षरांत लिहिले जाते, ती अक्षरे सलग आणि सुवाच्य राहतील.